कामठीचा गडवा आणि सईचं पालकत्व

बॉथेल, वॉशिंग्टन. रविवार, १९ ऑगस्ट २००७.

जीन आणि एली, मे महिन्यापासून तुम्हा दोघींच्याही फोनला मी उत्तर दिलं नाही. आधी त्याची क्षमा मागते. बुधवारी माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. त्याआधी हे लिहायलाच हवं. कठीण गोष्ट मला मराठीतच तोलता येते. इंग्रजी प्रत सोबत जोडेन.

मी, नेत्रा बोकारे, वय सेहेचाळीस, कै. गॅव्हिन रेनी यांची पत्नी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र करते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. ‘कोणाच्याही दबावाखाली न येता’ हे शब्द लिहिताना मात्र हात थोडा थांबला.

१. घर विकावं. येणारी रक्कम आणि माझी बचत माझी मुलगी सई, वय नऊ, हिच्या संगोपनासाठी व शिक्षणासाठी राहील.

२. गॅव्हिनचे सुतारकामाचे रंधे शेजारच्या ऋषीला. ग्राइंडर संजयला द्यायचा होता, पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. त्याने राग मानू नये.

३. दिवाणखान्यातला स्कॉटलंडचा नकाशा नागपूरच्या त्र्यंबककाकांना. आमच्या रिसेप्शनमध्ये ते प्रत्येकाला सांगत होते, “हे आमचे इंग्रज जावई.” मी तीनदा दुरुस्त केलं, इंग्रज नाही, स्कॉटिश. ते म्हणाले, “अगं, एकच ते!” गॅव्हिन हसला, पण त्या रात्री जेवला नाही.

४. सईचं पालकत्व. हे कलम मी चारदा फाडलं आहे.

गॅव्हिनच्या वर्षश्राद्धाला त्याची आई जीन आणि बहीण एली स्कॉटलंडमधल्या पर्थहून आल्या होत्या. तेव्हाच मी एलीला विचारलं, मला काही झालं तर सईला सांभाळशील का? ती लगेच हो म्हणाली. दोन दिवसांनी, चार मेच्या सकाळी, न्याहारीच्या टेबलावर तिने लॅपटॉपवर स्कॉटलंडच्या निवडणुकीचा निकाल पाहिला. इंग्लंडपासून वेगळं होऊ म्हणणारा पक्ष पहिला आला होता.

“आई, एका जागेने! एका जागेने जिंकलो!”

जीन टोस्टला लोणी लावत म्हणाल्या, “तीनशे वर्षांचं घर एका जागेने मोडणार तुम्ही.”

“घर? आपल्याला कोणी विचारलं होतं का? नेत्रा, तू तरी सांग हिला. इंग्रजांनी तुम्हालाही लुटलं, आम्हालाही.”

मी मान डोलावणारच होते. ऐकायला बरं वाटत होतं ते. तेवढ्यात जीननी फडताळावरच्या पितळी गडव्याकडे बोट केलं. लग्नात त्यांनीच तो मला दिला होता.

“हा माझ्या आजोबांनी आणला. कामठीच्या छावणीतून. विकत घेतला नव्हता. आणि ते पर्थचे होते, लंडनचे नव्हेत. उद्या वेगळी झालीस, की हा कोणाच्या नावावर ढकलणार आहेस?”

कामठी माझ्या माहेरापासून अर्ध्या तासावर आहे. मग एली उठली आणि जीनना म्हणाली, “सई माझ्याकडे आली, तर हे असलं ऐकायला मी तिला तुझ्या दारात पाठवणार नाही. कधीच नाही.”

“आई,” सईने मला विचारलं, “वॉज ग्रॅन्स ग्रँडपा अ थीफ? देन व्हूज साइड आर वी ऑन?”

मी तिला दूध संपव म्हणाले.

तेव्हापासून स्वतःला विचारते आहे: एली मला योग्य वाटते ती प्रेमळ आहे म्हणून, की तिच्या बोलण्यात आपण सगळेच निर्दोष ठरतो म्हणून? जीन एकाहत्तरच्या आहेत, वेगळं होणं त्यांना मुळीच मान्य नाही, आणि त्या माझ्याशी कधी गोड बोलल्या नाहीत. पण खोटंही बोलल्या नाहीत.

म्हणून: पालक म्हणून मी एली रेनी हिला नेमते. अट एकच. सईला दर शनिवारी आजीकडे पाठवायचं, आणि आजी काय म्हणाली याची उलटतपासणी घ्यायची नाही. एलीला ही अट मान्य नसेल, तर पालकत्व नागपूरला माझी बहीण सुवर्णा हिच्याकडे जाईल. सईचं मराठी तोकडं आहे, तिथे तिला जड जाईल, हे मला ठाऊक आहे. एलीलाही ठाऊक आहे.

५. गडवा सईचा. तो कोणी आणि कसा आणला, हे जीन आणि एली दोघींनी एकाच खोलीत बसून तिला सांगायचं. ‘इंग्रजांनी’ म्हणून सुटायचं नाही. तो कामठीला परत द्यायचा का, हे मोठी झाल्यावर सई ठरवेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

नेत्रा बोकारे

साक्षीदार: संजय धारप, रेखा मुळ्ये, दोघेही राहणार बॉथेल. आमच्या देखत सही झाली.

उद्या: एलीला फोन करून कलम चार वाचून दाखवणे.