लसींच्या नोंदवहीत अडकलेली घामाच्या संशोधनाची बाटली

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, सावळदरी,
ता. रिसोड, जि. वाशिम.

विषय : लस नसलेली एक बाटली लसींच्या साठ्यातून शुक्रवारपूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ : कु. रेणू पवार यांचे दि. १८ ऑगस्ट २०२५ चे पत्र (अर्जदाराने उत्तर न दिलेले).

महोदय,

संदर्भातील पत्राला वेळेत उत्तर गेले असते, तर हा अर्ज वाचण्याचा त्रास आपल्याला झाला नसता. अर्जदार मोहनसिंग आडे, वय ७४, गावच्या वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल. रेणू याच वाचनालयात वाचून मोठी झाली व आता नागपूरला संशोधन करते. माणसाच्या घामात जंतूंना मारणारे एक बारीकसे प्रथिन असते. उन्हात राबणाऱ्यांच्या घामात ते किती असते, हे तिला शोधायचे आहे. त्यासाठी गेल्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीत तिने गावातल्या चाळीस बायांचा घाम टिपून नेला. त्यात अर्जदाराची पत्नी मोतीबाईही आहे.

हे प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड सशाच्या रक्तातून काढतात व ते इवल्याशा बाटलीत येते. पहिली बाटली वसतिगृहाच्या चौकीदाराच्या टेबलावर तापून निकामी झाली. दुसरी दिवाळीच्या सुटीत, वसतिगृह बंद असताना येणार होती, म्हणून रेणूने लिहिले : "काका, बाटली तुमच्या पत्त्यावर मागवू का? फक्त थंड ठेवा. उत्तर आलं नाही तर हो समजते." अर्जदाराला नाही म्हणायचे होते. त्याने सात मसुदे केले. सातही उद्धट वाटले, म्हणून एकही पाठवला नाही.

बाटली सुटीच्या आधीच, दि. ९ ऑक्टोबर रोजी आली. घरच्या फ्रिजबाबत मोतीबाईंचे म्हणणे असे पडले : "सशाचं रगत दुधाच्या बाजूले? तुमी पुस्तकं वाचून येडे झाले!" शिवाय आमच्याकडे वीज दिवसातून तीनदा जाते. म्हणून अर्जदार आपल्या केंद्रात आला, कारण लसींचा फ्रिज वीज गेली तरी थंड राहतो. आरोग्यसेविका पौर्णिमाताई यांनी मोठ्या मनाने बाटली घेतली. त्या म्हणाल्या, "ठेवते काका, पन नोंद केल्याबिगर या फ्रिजमधी काहीच जात नाई." नोंदवही लसींचीच होती. त्यांनी 'इतर लस, एक बाटली' असे सुवाच्य अक्षरात लिहिले. ही लस नव्हे, हे अर्जदार जाणत होता. परंतु शाई ओली असताना चूक दाखवणे त्याला बरे वाटले नाही, आणि शाई वाळल्यावर उशीर झाला होता.

दि. २४ रोजी अर्जदार बाटली परत मागायला गेला, तेव्हा कळले की नोंदवहीत माल बाहेर जाण्याचे दोनच रकाने आहेत : 'टोचली' आणि 'वाया गेली'. वाया गेली म्हटले तर बाटली फोडून खड्ड्यात पुरावी लागते. पौर्णिमाताईंना ते बघवेना. त्यांनी सुचवले, "काका, तुमचं नाव टाकते. सुई नाई टोचत, फक्त सही करा." अर्जदाराने सही केली. नियम म्हणून त्याला अर्धा तास बाकावर बसवण्यात आले. तो बसला. दुसऱ्या दिवशी आशा कार्यकर्त्या रुखमाबाई, ताप आला काय, हे विचारायला घरी आल्या. न घेतलेल्या लसीने ताप कसा येईल, असा प्रश्न अर्जदाराला पडला. पण त्यांना पायपीट पडू नये म्हणून त्याने 'थोडी कणकण आहे' असे सांगितले. ही आणखी एक चूक. रुखमाबाईंनी तीही लिहून घेतली.

गावात बातमी झाली की ग्रंथपालाला सरकारची नवी लस मिळाली. मोतीबाई संतापल्या : "घाम आमी दिला, अन् लस तुमी घेतली? मले काहून नाई सांगतलं?" त्याहून वाईट म्हणजे, टोचलेली म्हणून नोंदलेली बाटली घरी देता येत नाही, आणि फ्रिजमध्येही ठेवता येत नाही. शुक्रवारी दि. ३१ ला तपासणी आहे. तोवर ती निघाली नाही, तर ती फोडतील. तिसरी बाटली मागवण्याची रेणूची ऐपत नाही, आणि चाळीस बायांचा घाम तिच्या प्रयोगशाळेत नुसता गोठून राहील.

करिता विनंती की,

१) पौर्णिमाताईंना दोष देऊ नये. त्यांनी अर्जदाराला विचारले होते, 'लसच आहे ना?' अर्जदाराने मान हलवली. कोणत्या दिशेला, ते त्याला स्वतःला आठवत नाही.

२) अर्जदाराचे लसीकरण व कणकण दोन्ही रद्द करावीत.

३) नोंदवहीत 'परत दिली' असा तिसरा रकाना आखण्यास आपली सही मिळावी. पट्टी अर्जदार आणेल. हे नियमात बसते का, हे त्याला नक्की सांगता येत नाही. परंतु बसत नाही असेही कुठे लिहिलेले सापडले नाही.

फोनवर अर्जदाराला बोलणे सुचत नाही. म्हणून आज सकाळी त्याने रेणूला उत्तर लिहिले, आणि या वेळी मसुदा केला नाही : "चि. रेणू, बाटली सुरक्षित आहे. शनिवारी तू केनवडच्या बसथांब्यावर ये, मी स्वतः घेऊन येतो." पोस्टमन धम्मरत्न पेटी उघडतच होता. तो म्हणाला, "काका, द्या हातात, नाई तं पुन्हा घरी घेऊन जासान." अर्जदाराने दिले. पिशवीत गेलेले पत्र परत मिळत नाही. बाटली मात्र आपल्या सहीने मिळू शकते.

आपला नम्र व लस न टोचलेला,

(सही)
मोहनसिंग आडे
सावळदरी, दि. २७ ऑक्टोबर २०२५

सोबत : १) बाटलीवरील 'केवळ संशोधनासाठी, माणसावर वापरू नये' या सूचनेचे मराठी भाषांतर. २) रेणूला पाठवलेल्या पत्राची नक्कल, मूळ पत्र सकाळी नऊच्या टपालाने रवाना.