त्याचं दुखणं मला दे

आई, काल मुलुंडला धाकट्याने त्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पुन्हा गुळाची तुला केली. लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी तो दरवर्षी देणग्या गोळा करतो. स्वतः तराजूत बसतो आणि देणगी देणारा समोरच्या पारड्यात एकेक ढेप ठेवतो. लहानपणी त्याच आजारातून तो बरा झाल्यावर तू गावच्या देवळात नवस फेडलास, अगदी तसंच.

“दादा, पहिली ढेप तू ठेव. आईच्या जागी.”

“गुडघे दुखतात रे माझे.”

“नाटकं नको यार, वाक जरा!”

मी वाकलो. मग माईकवर त्याने सांगितलं, “आईने सोळा महिने इस्पितळात मला चमच्याने पेज भरवली.” दरवर्षी सांगतो. ते सोळा महिने मी गावी आत्याकडे होतो, दहा वर्षांचा. शाळा सुटली की एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहायचो. एकदाच तू येतेस, नवस बोलायला, एका दिवसापुरती. देवळात म्हणतेस, “भावासाठी तूही माग काहीतरी.” मी मोठ्याने म्हणतो, “देवा, त्याचं दुखणं मला दे.” तू मला पोटाशी धरून रडतेस, आणि सकाळच्या एसटीने परत त्याच्याकडे जातेस. पुढे तुलेच्या दिवशी मी म्हटलं होतं, मलाही बसव ना. तू म्हणालीस, “धडधाकट पोराची तुला करतात का रे? चल, ढेपा उचलू लाग.”

देवळातलं माझं ते मागणं तू अगदी तुझ्या शेवटापर्यंत त्याला कौतुकाने सांगत राहिलीस. काल त्याने ते सगळ्या हॉलला सांगितलं. “असा भाऊ आहे माझा,” म्हणाला आणि माईक माझ्या हातात दिला. आई, मी रोज देवापुढे बसतो, त्याला तरी खरं ठाऊक आहे. जिथे दुखणं तिथे तू, म्हणून मी दुखणं मागितलं. तो जगावा, एवढंही त्या दिवशी माझ्या मनात आलं नाही. हे काल सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. “आई असती तर खूश झाली असती,” एवढंच बोललो. टाळ्या वाजल्या.

हे पत्र देव्हाऱ्यात ठेवायला उठलो होतो. पण शेजारच्या भिंतीवर तुझा फोटो आहे, तू वाचशील असं वाटलं. घडी करून परत खिशात घातलं. त्या टाळ्या मला आवडल्या, आई.