दहावं नाव

अमरावती,
२९ जानेवारी १९६७

प्रिय देवमन,

सप्रेम जयभीम.

तुझी शाळा बंद होत नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तू नीट वाचशील. अकोल्याला तुझ्याकडे पाठवायच्या म्हणून शाळेच्या किल्ल्या मी रुमालात बांधून ठेवल्या होत्या. आज ती गाठ सोडली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. एकतीस तारखेपर्यंत दहा विद्यार्थी झाले नाहीत, तर इमारत वामनरावांना कापसाच्या गोदामासाठी द्यायची, हा तुझा हुकूम. आज दहा झाले. वामनराव गेल्या आठवड्यात टेप घेऊन आले होते, वर्ग मोजून गेले. 'बाई, ह्या खिडक्या बुजवा लागतीन,' असं म्हणाले तेव्हा मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. माणूस वाईट नाही तो, पण माझ्या हातून झालं नाही.

मला खरा राग तुझा आला होता. सरकारी इंजिनीयरची नोकरी सोडून तू अकोल्यात पत्र्याच्या शेडमध्ये जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग करायला बसलास, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तुला वेड्यात काढलं. मीही काढलं, आता कबूल करायला हरकत नाही. आज दोनशे माणसं तुझ्याकडे कामाला आहेत. वऱ्हाडातली निम्मी यंत्रं तुझ्या रोलरवर फिरतात असं लोक म्हणतात आणि मी अशी मान हलवते, जसे काही ते रोलर मीच तासलेत. पण एवढा मोठा कारखानदार, आणि फिटरकाम शिकवायची फुकट शाळा उघडलीस ती दसऱ्याला! आपल्या धम्मदीक्षेचा दिवस, तुझ्या कामगारांचा हत्यारं पुसून मांडायचा दिवस, तुला वाटलं याहून चांगला कोणता. अरे, हंगामाआधी सगळ्यांची यंत्रं दुरुस्त करून दिलीस की दसऱ्याला तुझा कारखाना मोकळा होतो, आणि नेमकं तेव्हाच सारं वऱ्हाड कापसात शिरतं. वेचणीची मजुरी सोडून तुझ्या वर्गात कोण बसणार? तिघं आले. त्यांतले दोघं चौथ्या दिवशी पराटीत कापूस वेचायला गेले. उरलेल्या एकट्या सहदेवसाठी नत्थुजी मास्तर रोज लेथ चालू करत होते.

त्यावर तू लिहिलंस, 'आपल्याच लोकांना नको असेल तर जबरदस्ती कशाला.' ते वाचून मी रडले. लोकांना नको नव्हतं रे, त्यांना वेळ नव्हता. दोनदा तुला समजावून लिहिलं, तर उत्तरात तू फक्त तारीख कळवलीस. लहानपणापासून तू असाच, एकदा रुसलास की हिशेबी होतोस. शेवटी संक्रांत झाली, वेचणी आटोपली आणि मी घराबाहेर पडले. वलगाव, नांदगाव, बडनेरा, जिथे जिथे माझे जुने विद्यार्थी आहेत तिथे जाऊन बसले. एकानं विचारलं, 'बाई, तवा वेचणीत काहून बोलावलं? आता बोलावलं तं येतो ना.' पंधरा दिवसांत आठ जण आले. सहदेव धरून नऊ, आणि तिथेच गाडी अडली.

दहावं नाव सुंदराबाईचं आहे. वय पंचेचाळीस. जिनिंगमध्ये यंत्रात कापूस टाकायचं काम करते. काल आपणहून शाळेत आली. या वयात हे शिकून करशील काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, 'तीस वर्सं त्या मशीनले कापूस चारून राहिली, बाई. तिच्या पोटात काय हाये ते एकडाव मले पाहू द्या.' देवमन, आपली आई हिच्याच शेजारी उभी राहून कापूस टाकायची. यंत्र अडलं की फिटर यायचा आणि बायांना बाहेर काढायचा. आई घरी येऊन तुला विचारायची, आत काय असतं रे त्याच्या? तू सातवीत होतास, तुला सांगता यायचं नाही. तुझ्या छापील अर्जात वय सोळा ते पंचवीस अशी अट आहे. आज तिचा अर्ज भरताना मी वय खरं लिहिलं, खाली माझी सही केली. उद्यापासून ती सकाळी वर्गात बसेल आणि दुपारच्या पाळीला कामावर जाईल. हे पत्र त्यासाठीच लिहिलं. अट मोडली म्हणून तिचं नाव खोडायचं असेल, तर तू स्वतः ये आणि तिच्यासमोर खोड.

तुझीच,
इंदूताई