इराच्या नाळेचं रक्त

मंगळवार, संध्याकाळ

नात झाली तेव्हा तिच्या नाळेचं रक्त खाजगी बँकेत ठेवायला मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या वर्कशॉपमधलं एक लेथ मशीन विकलं होतं. खरी किंमत ती. आता सहा वर्षांच्या इराला रक्ताचा कॅन्सर झालाय, म्हणून आज बँकेची फाइल घेऊन मोठ्या आशेनं डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा आवाज खाली आला तेव्हाच मला कळलं.

"काका, आजाराचं मूळ नाळेच्या रक्तातल्या त्या पेशींतही असू शकतं. तिच्याच पेशी तिला नाही देता येणार."

सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, बँकेनं पैसे घेताना हे कुणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. की मीच ऐकलं नाही? नुसत्या आवाजावरून बिघडलेलं बेअरिंग ओळखणारा मी, आणि बँकेच्या त्या सेल्समनच्या गोड बोलण्यात मला काहीच खटकलं नाही. बाळंतपणाच्या वेळची नर्स तर तेव्हा विनवत होती, "अण्णा, सगळ्यांसाठी असलेल्या बँकेला दान करा, कुणाचं तरी मूल वाचेल." मी ऐटीत म्हणालो होतो, "अक्का, माझी नात कुणापुढे हात पसरणार नाही!"

फाइल अजून मांडीवरच आहे. आत ठेवायला उठवत नाही.

इरासाठी आजपासून अनोळखी दात्यांच्या यादीत शोध सुरू झाला.