डाव्या बाजूची पदकं

उंब्रज, २५ जानेवारी १९९६

उद्या झेंडावंदनाला आमच्या वडिलांच्या, आण्णांच्या नावानं सत्कार आहे आणि शाल घेणार वसंता. माझा हाच भाऊ पलटणीच्या ट्रेनिंगमधून पळून आला होता. आण्णा मिरजेच्या दवाखान्यात वारले, तेव्हाही फिरकला नाही. तेराव्याला मात्र ट्रंकेतली पदकं उचलली. "तुला बाईमाणसाला काय करायचीत?" म्हणाला. इतकी वर्षं ती पुसत आले ती मी.

आज संध्याकाळी कोटावर लावून दाखवायला आला. आजोबांची, आण्णांची, सगळी डावीकडे. आण्णा स्वतःची डावीकडे लावायचे आणि आजोबांची उजवीकडे. "ज्यानं कमावली, डावी बाजू त्याची," असं दर वर्षी सांगायचे. वसंता ऐकत कुठं होता?

उद्या पुढच्या रांगेत सगळे रिटायर सुभेदार, हवालदार बसणार. त्यांच्या नजरेतून डावं-उजवं सुटायचं नाही.

सांगायला हवं होतं का? आण्णांच्या पदकांचं काय जातंय? जाईल ते ह्याचं जाईल.

"आक्का, बरं दिसतंय का गं?" त्यानं विचारलं.

"लय शोभतंय," मी म्हणाले. डावीकडची पिन सैल होती, तीही माझ्या हातानं घट्ट करून दिली.