सुमाताईचं बियाणं

पिपलानी, भोपाळ
२२ जून १९८७

प्रिय सुमाताई,

शोभाचा नमस्कार. आम्ही दोघं मजेत. हेमंतची कारखान्यात दुपारची पाळी आहे, त्यामुळे दुपारपासून रात्रीपर्यंत क्वार्टरमध्ये मी एकटीच. तुझी तब्येत बरी असेल. दसऱ्यापासून तुझं पत्र नाही, मीही लिहिलं नाही. आज मात्र राहवेना.

ताई, अठ्ठ्याऐंशी! शंभरातले अठ्ठ्याऐंशी दाणे उगवले! मी तीनदा मोजले.

थांब, नीट सांगते. गव्हात घालून दळायला म्हणून तू होळीला घरचं सोयाबीन पाठवलंस. सोबत चिठ्ठी नव्हती, पण पाठवलंस. पुढे गेल्या आठवड्यात नरहरभाऊजी इथे येऊन गेले. म्हणाले, "गेल्या वर्षी खालचं निम्मं उगवलंच नाही. वहिनींनी ठेवलेलं बियाणं यंदा पेरायचं नाही. पाचही पोती तेलाच्या गिरणीला देतो आणि बाहेरून बियाणं आणतो. विश्वासदादा गेल्यावर शेत वहिनींच्या हाती सोडलं, तेच चुकलं." मी त्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी मूठभर दाणे रुमालात बांधून, दोन बस बदलून कृषी खात्याच्या ऑफिसात गेले. तिथे निर्मलाबाई आहेत, मूळच्या नागपूरच्या. गेल्या वर्षी निम्मं उगवलं नाही ते सांगितलं, तशी त्यांनी दाणे तळहातावर फिरवून पाहिले.

"दाना तर मस्त आहे हो. पण जमीन ओली राहिली की बुरशी कोंबाला मातीतच खाते, वर येऊच देत नाही. गेल्या वर्षी पेरायच्या आधी औषध लावलं होतं का?"

मी म्हटलं, "बहुतेक."

त्यांनी थायरमची, म्हणजे बुरशीच्या औषधाची पुडी दिली, एका किलोला तीन ग्रॅम. हेमंतने डालड्याच्या रिकाम्या डब्यात पाव किलो दाणे घेतले, पाण्याचा हलका हबका मारला, औषध घातलं आणि झाकण लावून डबा असा गरागरा फिरवला की विचारू नकोस. तोंडाला फडकं, हातात कारखान्यातले मोजे! डबा चुकून पुन्हा स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून नंतर त्याला भोकंही पाडली. मागच्या अंगणात दोन वाफे केले. एकात औषध लावलेले शंभर दाणे, दुसऱ्यात तसेच शंभर. माती तीच, नळाचं पाणीही सारखंच, मुद्दाम चिखल होईल इतकं.

सहाव्या दिवशी सकाळी पाहते तर पहिल्या वाफ्यात जाड जाड दोन दलांची रोपं माती फोडून उभी! मी अंगणातूनच ओरडले. हेमंत दाढीचा साबण तसाच ठेवून धावत आला. दुसऱ्या वाफ्यात मोजून त्रेचाळीस. बाकीचे उकरून पाहिले, तर कोंब तपकिरी, मऊ, कुजलेले.

म्हणजे तुझं बियाणं खणखणीत आहे, ताई. गेल्या वर्षीचंही होतं.

हे मला गेल्या वर्षीच माहीत होतं.

पेरणीच्या आदल्या दिवशी तू तापाने पडली होतीस. म्हणालीस, "शोभा, पाचही पोत्यांना औषध लाव." मी दोन पोत्यांना लावलं. वासाने डोकं भणभणलं, हात दुखायला लागले, आणि मला चारची बस गाठायची होती. उरलेल्या तीन पोत्यांची तोंडं मी तशीच बांधली. तू विचारलंस, "झालं सगळं?" मी म्हटलं, "झालं."

शेताच्या वरच्या बाजूला पेरलेल्या त्या दोन पोत्यांचं दाट आलं, खालचं निम्मं मेलं. चारचौघांत भाऊजी तुला बोलले, तेव्हा तू एकच म्हणालीस, "शोभाने स्वतःच्या हाताने औषध लावलंय." मी तिथेच उभी होते.

ती पोती गिरणीत जाऊ देऊ नकोस. शनिवारी सकाळच्या बसने मी येते. भाऊजींना मी स्वतः सांगणार. मला घरात घ्यायचं की नाही, ते तू मग ठरव.

तुझा विश्वास मोडलेली, तरीही तुझीच,
शोभा

*

आष्टा
९ जुलै १९८७

चि. शोभास,

अनेक आशीर्वाद. तू शनिवारी भाऊजींसमोर सगळं सांगितलंस, तेव्हा मी आत निघून गेले. नंतर जेवायला तेवढं वाढलं.

पाचही पोत्यांना मी माझ्या हाताने औषध लावलं. मुळांना गाठी धरणारं जिवाणूंचं कल्चर अगदी पेरायच्या वेळी, सावलीत लावलं. पेरून आज आठवा दिवस. वरपासून खालपर्यंत एकही ओळ तुटलेली नाही. भाऊजी बांधावरून खालच्या टोकापर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षीचं बियाणंही तुम्हीच ठेवा." मी हो म्हटलं. त्यांच्यादेखत रडायचं नव्हतं, म्हणून विहिरीकडे गेले.

माझा राग गेलेला नाही. वर्षभर मी स्वतःलाच दोष देत राहिले, ते इतक्यात कसं विसरू? पण तुझ्यावर रागवायचं तरी तू समोर हवीस. खुरपणीला ये. चार दिवस राहा.

वाट पाहते.
ताई