गॅस लेन, घर नंबर दोन

३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार

क्लाइव्हचा फोन. आवाज साखरेत घोळलेला! माझा धाकटा भाऊ एवढं गोड बोलतो तेव्हा पाणी कुठेतरी मुरत असतं. "बाबांना सहा आठवडे हिलसाइडला ठेवू या, थेल्मा. तिथे पाय चालवून घेतात." मला ऐकू आलं ते वेगळंच — म्हातारा तिकडे, आणि त्याचं बेकर्स लेनचं घर बाजारात.

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते इस्पितळात पडले, त्याला आज बारा दिवस. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, वीस तारखेपर्यंत हिलसाइडची खाट राखून ठेवते. नाही गेले तर चालणं विसरा. मग कायमचं नर्सिंग होम.

बाबांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्या फाटकातून मी आत जाणार नाही. मेलो तरी." संपलं.

५ फेब्रुवारी

हिलसाइडचं आज इस्पितळ झालंय, पण पूर्वीचं ते वर्कहाउस, हे मान्य. ज्यांना कुणी नाही त्यांना आत घ्यायचे, राबवायचे आणि लापशी घालायचे. गावातली सगळीच म्हातारी माणसं त्या इमारतीचं नाव काढलं की तोंड फिरवतात. पण बाबा? युद्धात तीन वर्षं जहाजावर काढलेला माणूस विटांना घाबरतो? मला नाही पटत. ते काहीतरी लपवताहेत.

आजीचंच असणार. आजी, केझाया लार्टर, जन्मभर लोकांघरची मोलकरीण. आणि बाबांचं बेकर्स लेनचं घर मुळात तिच्या नावावर! मोलकरणीला घर कोण देतं? शाळेत पोरी कुजबुजायच्या, "पायमरसाहेबाने दिलं म्हणे." पायमर म्हणजे धान्याचा व्यापारी, आजीचा पहिला मालक. मी एका पोरीच्या मुस्कटात मारली होती. आता वाटतं, उगाच मारली.

९ फेब्रुवारी

नॉरिचला रेकॉर्ड ऑफिसात. पेन काढून घेतलं, हातात पेन्सिल दिली. तिथल्या मिसेस पेग माझ्याकडे अशा बघत होत्या, जशी मी कागद खाणारच आहे. असू दे. मीही त्यांच्यावर नजर ठेवून होते.

पायमरचं मृत्युपत्र सापडलं, १९१९चं. "माझी मोलकरीण केझाया लार्टर माझ्या मृत्यूच्या वेळी नोकरीत असल्यास, तिला ती झोपते तो पलंग, अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ." घराचं नाव नाही! आणि खाली, जानेवारी १९२१ला जोडलेली पुरवणी — "केझाया लार्टर हिला काहीही देऊ नये. ती आता माझ्या नोकरीत नाही."

बाबांचा जन्म मार्च १९२१चा. महिने मोजायला मला पेन्सिल लागली नाही.

१० फेब्रुवारी

बाबांचं नाक कुणावर गेलंय? पायमरचा फोटो कुठे मिळेल?

११ फेब्रुवारी

बाबांना सरळच विचारलं, पायमर तुमचे कोण? त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "पोरी, उकरू नकोस."

तिथून बेकर्स लेनला गेले, बाबांचा जन्मदाखला शोधायला. दार उघडंच! आत क्लाइव्ह, हातात टेप, जिना मोजतोय. रंगेहाथ पकडला! "विकायला मोजतोयस ना?" तर म्हणतो, "कठडा बसवायचाय, बये. बाबा चढणार कसे?" म्हणे कठडा! मी आजीच्या बिस्किटांच्या डब्यातून दाखला काढला आणि त्याच्याशी एक अक्षर न बोलता निघाले.

जन्मस्थळ: २, गॅस लेन. वडिलांच्या नावाच्या जागी आडवी रेघ.

१२ फेब्रुवारी

गॅस लेनला जाऊन आले. पावसात दोनदा गल्ली पालथी घातली. एका बाजूला गॅस कारखान्याची भिंत. दुसऱ्या बाजूला घरं अकरा नंबरपासून, दोन नंबर नाहीच. मध्ये फक्त हिलसाइडचं मागचं लोखंडी फाटक.

मिसेस पेगना फोन केला. त्यांनी पत्ता पुन्हा विचारला. मग म्हणाल्या, "वर्कहाउसमध्ये जन्मलेल्या पोरांना जन्मभर डाग नको, म्हणून दाखल्यावर एखादा साधा पत्ता घालायचे. अस्तित्वातच नसलेल्या घराचा नंबर. तुम्हीच पहिल्या नाही हो, पावसात शोधणाऱ्या."

बाबांचा जन्म तिथला. शहात्तर वर्षं तोंडातून चकार शब्द नाही! मला राग आला. मग फार वाईट वाटलं.

१४ फेब्रुवारी

बाबांना म्हटलं, "गॅस लेनला जाऊन आले." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग बोलायला लागले ते थांबेचनात.

सहा वर्षांचे होईपर्यंत आत होते. आजी तीन महिन्यांत दुसरीकडे नोकरीला गेली. बाळासकट मोलकरीण कोण ठेवणार? महिन्यातून एका रविवारी अर्धी सुट्टी, तेव्हा फाटकाच्या गजांतून भेटायची. एकदा थंडीत बाबांनी गज सोडला नाही, तर तिथली पोरं सांभाळणाऱ्या मेट्रनने एकेक बोट सोडवलं.

"आणि मग न्यायला आली ना?"

"मला हाकललं म्हणून आली. मेट्रन म्हणाली, तुझ्या आईला बजावलंय, आता घेऊन जा, पोसून कंटाळलो. तिला मी नको होतो, पोरी."

"तुम्ही आजीला कधी विचारलं नाही?"

"विचारलं असतं आणि ती हो म्हणाली असती तर?"

मी इतके दिवस सगळ्या जगावर संशय घेत फिरतेय. हा माणूस सत्तर वर्षं स्वतःच्या आईवर घेतोय, आणि तरी दर रविवारी तिच्या कबरीवर फुलं ठेवतो.

१७ फेब्रुवारी

मेट्रन खोटं बोलली असेल. माझं मन सांगतंय. पण माझं मन क्लाइव्हबद्दलही बरंच काही सांगतं!

मिसेस पेगनी वर्कहाउसच्या समितीच्या सभांचं पुस्तक काढून ठेवलं होतं. सत्तर वर्षं बंद होतं, आता उघडलंय. सभा नेहमी मंगळवारी. २४ ऑक्टोबर १९२२: "केझाया लार्टर, मोलकरीण, समक्ष हजर. आपला मुलगा नेण्याची परवानगी मागते. नामंजूर. स्वतःचं घर नाही."

पुढच्या वर्षी पुन्हा. नामंजूर. पुन्हा. नामंजूर. एका वर्षी तर दोनदा. सहाव्या खेपेला "सोबत तिच्या मालकीणबाई, मिस रड्रम." तरीही नामंजूर. माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. मिसेस पेगनी दुसरी दिली.

१९ फेब्रुवारी

मिस रड्रमचं मृत्युपत्र मिळालं. एकटी बाई, शिवणकाम शिकवायची. वारली ऑगस्ट १९२७मध्ये. "बेकर्स लेनमधलं माझं घर माझी मोलकरीण केझाया लार्टर हिला कायमचं. म्हणजे तिच्याजवळ घर नाही असं समितीला म्हणता येणार नाही."

सप्टेंबरच्या सभेत आजी सातव्यांदा हजर. "मंजूर. मुलाला आईने नेले." खाली आजीची सही. इतकी दाबून केलेली की कागदाच्या पलीकडे उमटलीय.

पायमर गेला खड्ड्यात. त्याच्या नाकाशी मला काही घेणं नाही.

संध्याकाळी नकला बाबांपुढे ठेवल्या. मी वाचून दाखवणार होते, पण त्यांनी चष्मा मागितला. एकेक ओळ बोटाने वाचली. शेवटी एवढंच म्हणाले, "सात वेळा." मग मला घरी जायला सांगितलं. उद्याचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा हिलसाइडला गेले. स्वतः म्हणाले, "बॅग भर." चाकाच्या खुर्चीवरून त्या फाटकापाशी पोचल्यावर त्यांनी हात लांब करून गजाला लावला, मग सोडला. आत नर्सबाई फॉर्म भरत होत्या. "आधीच सांगते हं, घरी सगळी सोय असल्याशिवाय आम्ही कुणाला सोडत नाही." बाबांचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात खुर्ची ढकलणाऱ्या क्लाइव्हने खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला — जिन्याची मापं, न्हाणीघराची मापं, सुताराची तारीख. बाबांनी तो उचलून आजीच्या कागदांसारखाच बोटाने वाचला. मग रडले, आमच्या दोघांसमोर, मोठ्याने.